जुळलेल्या गाठींचं पान

"हे बघ नूतन, तुझ्या भाषेत नको सांगूस, माझ्या भाषेत सांग," असं म्हणून हेंद्रे सरांनी पाठकोऱ्या कागदांची चळत माझ्यापुढे सरकवली.

मी कागदावर चौकोन काढले. प्रत्येक चौकोन म्हणजे वेबसाइटचं एक पान. "सर, काही पानं एकदाच लिहून ठेवायची असतात. कुणीही, कधीही उघडली तरी तीच दिसतात. आणि काही पानं उघडताना दर वेळी नव्यानं तयार होतात. आत जशी माहिती पडत जाईल, तशी."

सरांचा चेहरा खुलला. "म्हणजे काही स्थिर, काही चल. मग सोपं आहे की."

कराडच्या शाळेत नववी-दहावीला सरांनी मला गणित शिकवलं होतं. निवृत्त झाल्यावर ते समाजाचं वधू-वर मंडळ चालवायचे, शनिवार पेठेतल्या आपल्या घराच्या बाहेरच्या खोलीत. एक पैसा घ्यायचे नाहीत. आसपासच्या चार तालुक्यांत त्यांच्या शब्दावर लग्नं ठरायची. मी तेव्हा नुकताच एका स्टेशनरीच्या दुकानावरच्या खोलीत वेबसाइट बनवण्याचा व्यवसाय सुरू केला होता. सर स्वतः जिना चढून मला काम द्यायला आले, याचंच मला केवढं अप्रूप होतं.

सरांच्या त्या बाहेरच्या खोलीत बसून आम्ही एकेक चौकोन घेऊ लागलो. मंडळाची माहिती स्थिर. नियम स्थिर. संपर्क स्थिर. मुला-मुलींची नोंदणी अर्थातच चल. लोक घरबसल्या माहिती भरणार, फोटो चढवणार आणि ते लगेच सगळ्यांना दिसणार. "आधी तुम्ही तपासून मगच दाखवूया का?" मी विचारलं. सर म्हणाले, "मला रोज कुठं ते यंत्र उघडता येतंय? आपलीच माणसं आहेत, खोटं कशाला लिहितील."

शेवटचा चौकोन राहिला. त्याला सरांनीच नाव दिलं होतं, 'जुळलेल्या गाठी'. मंडळानं जुळवलेल्या जोडप्यांचे फोटो.

"हे मी चल ठेवते," मी म्हणाले. "नवी लग्नं जुळतील तशी तुमची तुम्हालाच भर घालता येईल. एखादा फोटो काढायचा झाला तर काढताही येईल."

"काढायचा कशाला?"

"समजा, एखाद्याला नकोच असला."

सरांच्या पत्नी कुमुदकाकू त्यांच्या खुर्चीशेजारी खाली बसून गवार मोडत होत्या. मान वर न करताच त्या म्हणाल्या, "ठेव गं काढायची सोय."

"काही गरज नाही," सर म्हणाले. त्यांचा आवाज एकदम वर्गातला झाला. "लग्न झालं म्हणजे झालं. त्यात कसलं आलंय चल?" त्यांनी त्या चौकोनात इतक्या जोरात 'स्थिर' असं लिहिलं की पेनाचं टोक कागदातून आरपार गेलं. काकू ताट उचलून आत निघून गेल्या. नवरा-बायकोचं काहीतरी बिनसलं असेल, असं मला वाटलं. मी कागद गोळा केले.

फोटो निवडायला मी पुन्हा गेले. सरांकडे अल्बमच्या अल्बम होते. त्यात मला एक फोटो फार आवडला. नवऱ्याची मुंडावळी कानात अडकलीय, नवरी ती सोडवतेय आणि दोघंही कॅमेरा विसरून हसतायत. बाकी सगळे फोटो ताठ, डोळे वटारलेले. हा एकच जिवंत होता.

"हा सगळ्यांत वर घेते," मी म्हणाले.

सरांनी फोटो हातात घेतला आणि बराच वेळ नुसता बघत राहिले. "हा नको."

"का हो सर? हाच तर सगळ्यांत छान आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. काहीतरी सांगतील असं वाटलं. मग त्यांनी फोटो माझ्या हातात परत दिला. "बरं. घाल."

तो फोटो स्कॅन करून मी स्वतः नीट कापला, उजेड वाढवला. मंडळाच्या मेळाव्यात साइट पडद्यावर दाखवली, तेव्हा सगळ्यांत आधी तोच आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

पुढच्या हिवाळ्यात फलटणचे माळवदे सरांकडे आले. काही दुरुस्त्या समजून घ्यायला मीही तिथंच बसले होते. माळवदे सहकारी बँकेत शिपाई होते, साधा, मऊ बोलणारा माणूस. त्यांच्या मुलीचं, गौतमीचं, तिसाव्या वर्षापर्यंत जमत नव्हतं. आता जमलं होतं आणि ते पेढे घेऊन आले होते.

"स्थळ तुमच्याच साइटवरचं सर," ते म्हणाले. "म्हणून मी फार चौकशा केल्या नाहीत. तुमच्याकडचं म्हणजे बघायला नको. विट्याला मोटार रिवाइंडिंगचा कारखाना आहे मुलाचा. बिजवर आहे, पण मूलबाळ नाही. पहिली बायको काविळीनं वारली बिचारी. रविवारी सुपारी फोडायची म्हणतोय, तुम्ही यायचंच." आणि त्यांनी खिशातून मुलाचा फोटो काढून टेबलावर ठेवला.

चेहरा थोडा भरला होता, मिशी वाढवली होती. पण तो चेहरा मी कितीतरी वेळ माऊसनं कापत बसले होते. मला ओळखायला क्षणही लागला नाही.

"सर, हे तर आपल्या पहिल्या फोटोतले," मी बोलून गेले. कॉम्प्युटर चालूच होता. मी 'जुळलेल्या गाठी' उघडलं. माळवद्यांनी पुढं वाकून पाहिलं आणि ते हळहळले. "हीच का ती? किती गोड होती हो पोरगी. तुम्हीच जमवलं होतंत होय पहिलंही?"



"कोण वारलं?" काकू दारात उभ्या होत्या.

"शैलेंद्र बिडकरांची पहिली पत्नी, वहिनी."

काकूंनी सरांकडे पाहिलं. मीही पाहिलं. सरांचे हात टेबलावर पालथे पडले होते. शेवटी ते म्हणाले, "माळवदे, तुम्ही एक करा. सुपारीचं दोन दिवस कुणाला बोलू नका. मी येतो फलटणला."

"काही अडचण आहे का?"

"मी येतो," सर म्हणाले. "पेढेही तूर्त राहू देत."

माळवदे गोंधळून गेले, पण सरांना उलट विचारण्याची त्यांची रीत नव्हती. ते गेल्यावर काकू येऊन खुर्चीत बसल्या. एरवी त्या बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसत नसत.

"हेमा वारली नाही, नूतन," त्या म्हणाल्या. "साताऱ्याला मावशीकडे असते. पिको-फॉलचं दुकान चालवते. संक्रांतीला मी तिच्याशी फोनवर बोलले. घटस्फोटही झालेला नाही अजून, तारखाच पडतायत. हे तुझ्या सरांना माहीत नाही, कारण त्यांनी तिचं नाव काढायचं सोडलंय."

"कुमुद," सर म्हणाले.

"सांगू दे मला. लग्नानंतर सहा-सात महिन्यांनी ती आमच्याकडे आली होती. बापाकडे नाही गेली, बाप आजारी होता. सरांकडे आली, कारण सरांनी जमवलं होतं. हात सुजलेला होता. इथं या खोलीत बसून तिनं सगळं सांगितलं. मी म्हटलं, राहू दे हिला इथंच. दुसऱ्या दिवशी सकाळी यांनी तिला एसटीत बसवलं."

"मी स्वतः नेऊन सोडलं," सर म्हणाले. ते माझ्याशी बोलत होते, पण बघत होते टेबलाकडे. "त्याच्याकडून, त्याच्या आईकडून वचन घेतलं. चहा घेतला त्यांच्याकडे. मला वाटलं, मिटवलं आपण. मंडळातलं पहिलं मोडलेलं लग्न हे ठरावं, असं मला होऊ द्यायचं नव्हतं. मग वर्षभरानं कळलं की तिनं घर सोडलं. कसं सोडलं, का सोडलं, मी विचारायला गेलो नाही."

 पडद्यावर ती दोघं हसतच होती. मी घाईघाईनं पान बंद केलं.

"तो फोटो काढून टाक," सर म्हणाले.

"काढते. पण सर, माळवद्यांना सांगायला हवं ना?"

"सांगायलाच हवं. पण तिला न विचारता तिची गोष्ट मी कुणाच्या घरात नेऊन मांडू? आधी साताऱ्याला जायला हवं." ते काकूंकडे वळले. "तू येतेस?"

"नाही," काकू म्हणाल्या. "मी आले तर ती माझ्याशीच बोलत बसेल. तुमच्याशी बोलायला हवी ती. नूतनला घेऊन जा."

दुसऱ्या दिवशी आम्ही साताऱ्याला गेलो.  गाडीत मधूनच सरांचे ओठ हलत होते, परीक्षेआधी मुलं पाठांतर करतात तसे.

दुकान म्हणजे एका इमारतीच्या जिन्याखालची जागा होती. दोरीवर साड्या टांगलेल्या, आत दोन मशिनं. एका मशिनवर हेमा बसली होती. मी फोटोवरून ओळखलं, पण ओळखायला वेळ लागला. ती वयानं मोठी झाली होती एवढंच नाही. ती समोर कमी आणि उजव्या बाजूला जास्त बघत काम करत होती, कोण येतंय जातंय याचा अंदाज घेत.

सर सरळ तिच्या मशिनपाशी गेले, डाव्या बाजूला. दोन्ही हात जोडले.

"हेमा, माझं चुकलं," ते म्हणाले. "त्या दिवशी तुला परत न्यायला नको होतं. मी तुझा विचार केला नाही, मी माझ्या नावाचा विचार केला. मला क्षमा माग असं म्हणायचाही अधिकार नाही मला."

म्हणायचं होतं एक आणि तोंडातून आलं भलतंच, इतका त्यांचा आवाज कापत होता. मशिन खडखडत होतं. हेमानं साडीची कड पुढं सरकवली. सर तसेच हात जोडून उभे. ती वर बघत नव्हती. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

कड संपली. तिनं दोरा तोडला आणि मान वळवली. दचकून उभीच राहिली.

"सर? तुम्ही कधी आलात?" मग तिच्या लक्षात आलं. "काही म्हणत होतात का? या बाजूला या सर. डाव्या कानानं मला ऐकू येत नाही."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी टांगलेल्या साड्यांकडे बघू लागले.

"आत्ताच आलो," सर म्हणाले.

तिनं आम्हाला स्टूल दिले, शेजारून चहा मागवला. काकूंची तब्येत विचारली. मी कोण ते विचारलं. मी सांगितलं तशी ती म्हणाली, "म्हणजे तुम्ही बनवलीत ती साइट. पाहिलीय मी. दुकानातल्या मुलींनी मोबाइलवर दाखवली. म्हणाल्या, ताई, किती छान हसताय तुम्ही."

"तो फोटो मीच निवडला," मी म्हणाले. "मला काही माहीत नव्हतं."

"चांगला आहे फोटो. त्या दिवशी मी खरंच हसत होते."

सरांनी माळवद्यांचं सांगितलं. मुलीचं नाव, वय, रविवारची सुपारी. 'काविळीनं वारली' हेही सांगितलं. ते ऐकताना हेमानं टेबलावरचे दोऱ्याचे तुकडे वेचून एका डबीत टाकले.

"त्यानं ते तुमच्याच साइटवर लिहिलं?"

"हो."

"दुसरीकडे लिहिलं असतं तर कुणीतरी चौकशी केली असती," ती म्हणाली. "तुमच्याकडे कोण करणार? आणि तुम्ही बोलणार नाही, याची त्याला खात्री असणार. इतकी वर्षं बोलला नाहीत ना." तिच्या आवाजात राग नव्हता. साडीचं माप सांगावं तसं तिनं सांगितलं. सरांनी मान खाली घातली.

"तुझी परवानगी असेल तर मी माळवद्यांना सगळं सांगतो," ते म्हणाले. "नसेल, तर फक्त लग्न करू नका एवढं सांगतो. कारण देणार नाही."

"तुमचं ऐकतील ते. पण मुलीला काय वाटेल? तिचं ठरलेलं कुणीतरी कारण न देता मोडलं, एवढंच कळेल तिला. पुन्हा असला कुणी आला तर ओळखायची कसा?" तिनं मशिनवर कापड टाकलं. "मीच येते फलटणला. मावशीला सांगून येते, थांबा."

एसटीत ती खिडकीशी बसली, मी तिच्याशेजारी. सर मागच्या बाकावर. फलटण येईपर्यंत तिनं मला वेबसाइटबद्दल विचारलं. दुकानासाठी करता येईल का, रोजचे नवे नमुने त्यात टाकता येतील का. मी तिला स्थिर आणि चल पानं समजावत होते आणि मागे सर ऐकत आहेत, हे मला पाठीला जाणवत होतं.

माळवद्यांच्या घरात आम्हाला खुर्च्या दिल्या, पाणी दिलं. हेमाला ते सरांची नातेवाईक समजले. तिनं पाण्याचा ग्लास खाली ठेवला आणि म्हणाली, "मी हेमा. शैलेंद्र बिडकरची बायको. मी वारले नाहीये."

माळवद्यांची बायको भिंतीला टेकली. आतून गौतमी बाहेर आली. उंच, शांत मुलगी होती, हाताला कणीक लागलेली. तिनं हेमाला नीट पाहिलं आणि समोर जमिनीवर बसली.

"काय करायचे ते?" तिनं विचारलं.

हेमानं सांगितलं. लांबण लावली नाही. हाताचं सांगितलं, कानाचं सांगितलं. कानाच्या वेळी डॉक्टरकडे न नेता सासूनं कोमट तेल घातलं, ते सांगितलं. मारल्यावरची त्याची माफी कशी असायची, दुसऱ्या दिवशी गजरा कसा यायचा, तेही सांगितलं. "पहिले दोन महिने तो फार चांगला असतो," ती म्हणाली. "तू बघितलास तो खोटा नाही. पण तो तेवढाच नाही."

गौतमीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. माळवदे सरांकडे वळले. एवढा मऊ माणूस, पण त्यांचा आवाज बदलला होता.

"हे तुम्हाला ठाऊक होतं?"

सर उठले. मला वाटलं, ते बाहेर जातायत. पण ते खोली ओलांडून गेले आणि हेमाच्या उजव्या बाजूला, तिच्या खुर्चीजवळ जमिनीवर बसले. गुडघे दुखायचे त्यांचे. हात टेकून बसावं लागलं.

"ठाऊक होतं," ते म्हणाले. "ती माझ्या घरी आली होती. तिचा हात मी पाहिला होता. तिला मीच परत नेऊन सोडलं. हेमा, माझं चुकलं. काल रात्रभर मी हे पाठ केलं होतं आणि तुझ्या दुकानात तुला सांगितलंही. तुला ऐकू गेलं नाही आणि दुसऱ्यांदा म्हणायचं मला धैर्य झालं नाही. म्हणून आता या सगळ्यांसमोर सांगतो."



"त्या दिवशी एसटीत तुम्ही शेंगा घेतल्या होत्यात," हेमा म्हणाली. "रस्ताभर सोलून सोलून मला देत होतात. मला भूक नव्हती, पण तुम्ही इतक्या मायेनं देत होतात की मी खात होते. मला सारखं वाटत होतं, आता पुढच्या स्टँडवर उतरवतील, म्हणतील चल, परत जाऊ. विटं आलं तरी वाटत होतं." ती थांबली. "मारलेलं मी विसरते कधीकधी, सर. ते विसरत नाही."

सर तिथंच बसून रडले. सरांना रडताना मी पहिल्यांदा पाहिलं. हेमानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला नाही. ती उठून गौतमीबरोबर आत गेली. थोड्या वेळानं आतून पोळ्यांचा वास आला आणि गौतमीची आई आम्हाला जेवायला बोलवायला आली. कुणाला नको म्हणवलं नाही.

ते लग्न मोडलं. बिडकरनं मंडळावर खटल्याची धमकी दिली. सरांनी नोंदणीतून त्याचं नाव काढून टाकलं आणि कारण लिहून सगळ्या सभासदांना कळवलं. हेमाच्या खटल्यात ते साक्षीला उभे राहिले; वकिलानं त्यांना दोन तास सोललं, ते सगळं खरं सांगत राहिले. मंडळातल्या काही जणांनी त्यांच्याकडे येणं सोडलं.

आणि साइट आम्ही पुन्हा करायला घेतली. नोंदणी तपासल्याशिवाय दिसायची नाही, असं केलं. 'जुळलेल्या गाठी' चल केलं. "पण कुणाचे फोटो ठेवायचे, हे कसं ठरवायचं?" मी विचारलं.

"विचारून," सर म्हणाले.

त्यानंतर कितीतरी महिने रोज सकाळी सर फोन घेऊन बसायचे. मी आठवड्यातून एकदा जायचे. ते प्रत्येक जोडप्याला फोन लावायचे आणि बायकोला द्या म्हणायचे. "मी हेंद्रे सर. फोटो साइटवर राहू द्यायचा का, ते विचारायला केलाय," आणि मग, "बरी आहेस ना बाळ?" बहुतेकजणी खळखळून हसायच्या, पोरांच्या तक्रारी सांगायच्या, पुरणपोळी खायला बोलवायच्या. काही जणी 'काढा' एवढंच म्हणायच्या. सर कारण विचारत नसत, पण फोन लगेच ठेवतही नसत.

त्या सकाळी मी तिथंच होते. कोल्हापूरची एक होती, दहा-बारा वर्षांपूर्वीचं लग्न. ती म्हणाली, "राहू दे की सर फोटो." आणि मग काहीच नाही. फोन मात्र तिनं ठेवला नाही. सरांनीही ठेवला नाही. काकू हातातलं काम टाकून दारात येऊन उभ्या राहिल्या.

"बाळ, मी आहे इकडे," सर म्हणाले. "सावकाश बोल. नसेल बोलता येत, तर नुसतं हो म्हण."

बराच वेळ गेला. मग सरांनी डोळे मिटले आणि मान हलवली.

"पत्ता तोच ना? बरं. निघतो आम्ही."

फोन ठेवून ते माझ्याकडे वळले. काकू तोवर आत साडी बदलायला गेल्या होत्या.

"पलीकडच्या गल्लीतल्या जीपवाल्याला विचार, आत्ता येतो का," ते म्हणाले. "आणि त्याला सांग, जाताना दोघं आहोत. येताना तिघं असू."